दोनशे तेरावं घर

सांगरूळच्या दूध संस्थेचे सभासद दोनशे बारा.
यादी छापली की दोनशे तेरा.
तिसरा आठवडा.

उद्यमनगर. खालची लेथ थांबलेली,
वर मी, एक ट्यूबलाइट,
आणि मगदूम सरांनी बावीस वर्षांपूर्वी लिहिलेला पर्ल,
ज्याला त्यांच्यामागं कुणी हात लावला नाही.

म्हटलं, दाखव काय आहे तुझ्या पोटात.
त्यानं छापलं : हॅश, पुढं कंसात एक आकडा.
माणूस विचारावा तर पत्ता सांगतंय,
तोही असा, की तिथं कुठली रिक्षा जायची नाही.

मग फोनवर दीपालीला म्हणाले, डंपर लावते आता.
वॉचमन तुकाप्पा जिन्यातच थबकला :
"एवढ्या रात्री वाळू, मॅडम?"

डंपरनं ओतलं सगळं.
तालुक्यात गाव, गावात संस्था,
संस्थेत सभासद, सभासदात सकाळ आणि संध्याकाळ,
सकाळीत लिटर, फॅट,
महिरपी कंसाच्या कुशीत महिरपी कंस,
आणि अगदी तळाच्या डब्यात
सहा पूर्णांक आठ.
किल्ल्या मात्र वाटेल तशा सांडलेल्या.
क्रम लावला, समास सोडला,
तेव्हा कुठं गाव गावासारखं दिसायला लागलं.

एकशे चाळीस नंबरचा उंबरा ओलांडला
तर एकशे एक्केचाळीस :
सकाळ,
आणि सकाळीत काही नाही.
उघडलेला कंस. मिटलेला कंस.

जुन्या वहीत नाव मिळालं, आक्काताई हुपरे.
म्हैस विकली, खातं बंद केलं,
लेकीकडं गेल्या इचलकरंजीला, महिना झाला.
सरांचा कोड अजून रोज रात्री
संस्थेची पहिली यादी हातात घेऊन विचारतो,
एकशे एक्केचाळीस, सकाळचं दूध किती?
यादीतलं कुणी जाईल
हे सरांनी धरलंच नव्हतं.

आणि पर्लचा स्वभाव असा,
आतल्या खोलीतलं भांडं विचारलं
की नसलेलं घर तो आधी बांधतो,
खोली काढतो,
आत डोकावतो,
बाहेर येऊन सांगतो, भांडं नाही.
घर मात्र मोडत नाही.

दुरुस्ती एका ओळीची.
आधी विचार, घर आहे का.
असलं तरच सकाळचं बोल.

दोनशे बारा.

एकशे चाळीसनंतर आता थेट एकशे बेचाळीस.
जुना छापलेला कागद फाडायचा राहिला,
घडी घालून पर्समध्ये ठेवला, का ते माहीत नाही.

गेटवर तुकाप्पा : "आला काय डंपर?"
येऊन गेला म्हटलं.