गळती

भांडुपच्या टेकडीवर आमच्या दारापर्यंत
एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्या.
मागच्या खेपेला चौघांनी बाबांना
प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं,
वाटेत खुर्चीचा एक पाय तडकला.
तेव्हापासून म्हणतात, आता एकदाच न्या.

म्हणून हा फोन.
पिंपाच्या झाकणावर, डाळीच्या डब्याला टेकवलेला,
कारण रेंज तेवढी तिथेच, खिडकीच्या गजांपाशी.
नाव : गंगाराम लखू घडशी.
जन्मतारीख : एक जून, मास्तरांनी दिलेली.
तक्रार : इथे अडीचशे अक्षरं मावतात.
मी लिहिलं, दम.

डॉक्टर नौशीन आल्या. आधी नुसतं कपाळ,
मग त्या, मागे फुलाफुलांचा पडदा,
आत कुठेतरी त्यांच्या घरचा कुकर.
"बाबा, मी दिसते ना?"
बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"पाय दाखवा."
फोन हलवला की चित्र गोठतं,
म्हणून पायच उचलून स्टुलावर ठेवला.
"घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबा.
पाच आकडे मोजा. सोडा."
कोण, मी?
"तुम्हीच. माझा हात पोचत नाही."

सोळाव्या वर्षी एक थप्पड खाल्ली होती,
त्यानंतर आमच्या अंगांनी एकमेकांना टाळलं.
दिवाळीला पाया पडायचे, तेही वीतभर हवा ठेवून.
दाबलं. मोजलं. सोडलं.
अंगठ्याएवढा खळगा तसाच राहिला,
ओल्या सिमेंटवरून मांजर गेल्यासारखा.
"पडतो ना खड्डा?"
पडतो.

"झोपताना उशा किती?"
तीन. त्यातली एक माझी.
"आता एका श्वासात आकडे म्हणा, जातील तिथवर."
बाबा अकरावर थांबले
आणि माझ्याकडे बघितलं,
दुकानात पैसे कमी पडल्यासारखं.

गोळी वाढवली. मीठ बंद, पाणी मोजून.
रात्री दम वाढला तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल.
"पायऱ्या आहेत," मी म्हणाले.
त्या हलल्या नाहीत.
रेंज गेली होती की त्याच थांबल्या होत्या, कळलं नाही.
मग पडद्यावर पाच चांदण्या आल्या :
अनुभव कसा वाटला?

बाबा रुसले.
"ऐकलं कुठे तिनं काही?"
चौतीस वर्षं पालिकेच्या पाणीखात्यात.
रात्री दोनला रस्ता निजला की
लोखंडी कांब डांबरावर टेकवायची,
दुसरं टोक कानाला,
आणि साहेबाला सांगायचं, इथे खणा.
"नळ बघून गळती कळत नसते, बाय.
कान लावावा लागतो."

रात्री तीन उशांना टेकून ते बसूनच होते.
दिवा न लावता मी पाठीमागे गेले,
बनियनवर कान ठेवला.
बाम, घाम, जुन्या चाव्यांसारखा वास.
खूप आत, तळाशी,
तव्यावर मीठ तडतडावं तसं काहीतरी.
बाबांनी खोकला दाबून धरला,
मला नीट ऐकू यावं म्हणून.

"काय येतं?"
पाणी.
"कुठल्या अंगाला?"
दोन्ही.

खात्यातल्या जुन्या माणसासारखी त्यांनी मान हलवली.
"मग उजाडायची वाट बघू नको.
पोरांना उठव.
खुर्ची लाकडाची आण."