तीन नंबरचा पट्टा

सकाळी साडेआठला खाली माग सुरू होतात
आणि वर माझ्या सिंथचा सा खाली बसतो,
पाव सुरानं, कधी थोडा जास्तच.
सोळा मोटारी एकदम वीज ओढतात.
ट्यूबलाइट आधी डोळा मारते.

दोन वर्षं भांडलो मी या घसरणीशी.
नव्या पेठेतून स्टॅबिलायझर आणला,
उठून उठून सूर लावला.
मग एका मे महिन्यात
पत्रा इतका तापला की भांडायचंही सुचेना.
पडू दिला सा. रेकॉर्डचं बटण दाबलं.

मॉड्युलेशन म्हणजे काय बे,
पार्क चौपाटीवर राजमल्लूनं विचारलं, तोंडात भजी.
म्हटलं, एक लाट असते, ऐकू न येणारी,
इतकी संथ, की तिला आवाज म्हणवत नाही.
ती नुसती दुसरीला हलवते.
म्हणाला, मग आमच्या नळाचं पाणीच की!
चौथ्या दिवशी येतं,
पण सगळं घर त्याच्यावर हलतं:
आईची झोप, माझी अंघोळ, वहिनीची पट्टी.

त्या रात्री तीन नंबरच्या मागाला मी माइक चिकटवला,
वायर जिन्यातून वर घेतली.
धोटा आपटला की फिल्टर उघडायचा,
धागा तुटला की सूर जागच्या जागी थिजायचा
आणि नान्ना गाठ मारेपर्यंत तिथंच उभा.
वर एक थरथर होती, बारीक, लंगडी.
माझीच करामत समजून मी खूश होतो.

नान्ना वर आले.
एकतीस वर्षांच्या खडखडाटानं कान गेलेले.
स्पीकरवर तळवा ठेवला, डोळे मिटले.
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.
बोललेही:
"तीन नंबरचा पट्टा सैल हाय."
आणि पाना घेऊन खाली गेले.

दहा मिनिटांत थरथर थांबली.
मी एकाही नॉबला हात लावला नव्हता.

जिन्यातून ओरडलो, नान्ना, थोडा सैलच राहू द्या की!
त्यांना कुठलं ऐकू जायला.

आता ती थरथर हातानं करून बघतो.
फार सारखी येते.
त्या आठवड्याची एक चादर मात्र व्यापाऱ्यानं परत पाठवली,
वीण कुठं विरळ, कुठं दाट,
मोराची मान वितीवितीवर वाकडी.
ती खिळ्याला टांगलीय समोर.
बोट फिरवत वाचतो,
मानेशी नेहमी चुकतो.