चौथा अर्ज

महोदय,
आपलं अकरा मार्चचं पत्र पोचलं.
त्यात लिहिलंय : "आमच्या नकाशात
आपल्या शेताखाली एकही नळी आढळत नाही.
सबब, नसलेल्या नळीची दुरुस्ती करता येत नाही."

वाक्य चांगलं आहे.
मी ते दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, बायकोसाठी.
ती बटाटे सोलत होती. थांबली नाही.

मी, विस्वाल्दिस पुर्विंश,
लाटव्हियाच्या या कोपऱ्यात बारा हेक्टर राय पेरतो,
त्यातले सात सध्या तळं आहेत.
पुर्विंश म्हणजे छोटी दलदल, हे आपल्याला ठाऊकच आहे;
आडनाव पुरावा म्हणून धरू नये, ही विनंती.
करकोच्यानं मात्र धरलंय.
पेरणीच्या मधोमध एका पायावर उभा असतो
आणि मी गेलो की माझ्याकडे असं बघतो
जणू मीच परवानगी न घेता आलोय.

आपल्या कचेरीत कुणीसं म्हणालं म्हणे,
या माणसाच्या तक्रारीत कुठंतरी पाणी मुरतंय.
महोदय, ते मुरत नाही,
हीच तर तक्रार आहे.

नळ्या आहेत.
माझ्या आईनं, आउस्त्रानं, त्या हातानं खाली दिल्यात,
चौऱ्याहत्तर साली, सामूहिक शेताच्या टोळीत,
एकोणीस वर्षांची असताना, खंदकाच्या काठावरून.
भाजलेल्या मातीच्या, हातभर लांब, लाल.
ती सांगते : दोन नळ्या चिकटवायच्या नसतात.
मध्ये नखाएवढी फट ठेवायची.
पाणी तोंडातून शिरत नाही, त्या फटीतून शिरतं.

(आपण म्हणता, हे मंत्रालयाचं काम.
मंत्रालय म्हणतं, नगरपालिकेचं.
तुमच्याही मध्ये एक फट आहे,
पण तिथून काहीच वाहत नाही,
माझे तीन अर्ज तिथंच अडकलेत.)

सतरा एप्रिलला आपल्या अभियंता माद्राबाई आल्या.
पांढऱ्या बुटांत.
आईनं त्यांना माझ्या वडिलांचे रबरी बूट दिले,
दोन मापं मोठे, टाचेत वर्तमानपत्र कोंबून.
तीन दिवस वारा होता. वरच्या अंगाची उघडी जमीन सुकत होती,
पण सारखी नाही :
नळीवरची माती आधी सुकते, फिकी पडते.
काळ्या शेतात फिके पट्टे,
ओल्या केसांतून नुकताच कंगवा फिरवावा तसे,
दर पंधरा पावलांवर एक.
आई काठीनं दाखवत नव्हती. नुसती चालत होती
आणि प्रत्येक पट्ट्यावर जरा थांबत होती.

सगळे पट्टे उतारानं एका जागी जातात
आणि तिथं संपतात,
आपण ज्या वर्षी रस्ता रुंद केलात
त्या रस्त्याच्या नव्या खडीखाली.
त्याच्या अलीकडे तळं.
पलीकडे ओढा, कोरडा, मे महिन्यातल्यासारखा.

माद्राबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग त्यांनी कागद मागितला.
माझ्या खिशात आपलं पत्रच होतं,
त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
त्यांनी पेन्सिलीनं रेघा काढल्या, अंतरासकट.
सही केली नाही. म्हणाल्या, हे अधिकृत नाही.
आई म्हणाली, बाळ, बूट राहू देत, पुढच्या वेळी आणून दे.

त्या रात्री पाऊस आला.
सकाळी शेत पुन्हा एकसारखं काळं.

तरी कृपया त्यांना विचारावं.
त्या आपल्याच मजल्यावर बसतात, असं कळतं.

सोबत जोडलंय :
एक, आपलंच पत्र, मागच्या बाजूनं वाचावं.
दोन, नळीचा तुकडा, रस्त्याच्या कडेला सापडलेला,
एका बाजूनं ताजा तुटलेला.
पोच मिळावी.
आणि तुकडा परत पाठवावा,
तो कुठं बसतो, हे आईला माहीत आहे.