साडेअकरा

सातपूरच्या प्रेसमध्ये माझं काम सोपं.
छापलेली पट्टी घ्यायची, पोलादी फुटपट्टीला लावायची,
लाल कुठे संपतो ते बघायचं.
साडेअकरा सेंटिमीटर.
तिथून साडेबारापर्यंत पिवळा, पुढे सगळा हिरवा.

याआधी चार हंगाम पिंपळगावच्या पॅकहाऊसात होते.
तिथे द्राक्षाचा मणी कडीत घालून बघायचा.
अठरा मिलिमीटर भरला तर युरोप,
नाही भरला तर बेदाण्याला.
पाणी कमी पडलं का,
मण्याला कुणी विचारायचं नाही.

इथे दंड मोजायचा. लहान पोराचा, डावा,
खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये.
लालात आला तर पोर जायला टेकलंय,
असं संस्थेच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.
तिथे सभ्य शब्द होते.
खतीबमामांनी सरळ सांगितलं.

खतीबमामा जुन्या नाशकातले, ऑफसेटवर तीस वर्षं.
पट्टीवरची अफगाणी अक्षरं त्यांना अर्धीमुर्धी लागतात.
"हे बघ, बाजू. बाजूबंदातला.
पुढचं चप म्हणजे काय, अल्ला जाणे."
आम्ही दोघींनी ठरवलं, डावाच असणार.

फेब्रुवारीत एक लॉट बिघडला.
बारा हजार पट्ट्या,
लाल दोन मिलिमीटर आखूड.
शेठ म्हणाले, दोन मिलिमीटर तर शिलाईतही जातं,
आणि तिकडे कोण बसलंय फुटपट्टी घेऊन?

माझ्या बहिणीचा यशोधन
सुरगाण्याच्या अंगणवाडीत अकरा चार भरला होता.
एका मिलिमीटरने लालात,
म्हणून जीपमध्ये, म्हणून दवाखान्यात,
म्हणून परवा सायकलवरून पडून
दोन्ही गुडघे फोडून घेतले त्याने.

हे मी शेठना सांगितलं नाही.
गठ्ठे उचलून रद्दीच्या खोक्यात टाकत राहिले,
एकेक, बारा हजार होईपर्यंत.
खतीबमामांनी मशीन बंद केलं.
शेठ बराच वेळ पंख्याकडे बघत होते.
मग म्हणाले, "लावा पुन्हा प्लेट.
आणि चहा सांगा कुणीतरी."

एप्रिलमध्ये तिकडून निरोप आला:
अक्षरं काढा. रंग तेवढे ठेवा.
बायकांनी संस्थेत काम करायचं नाही
असा तिथे हुकूम निघाला म्हणे.
घोरच्या डोंगरात गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाई
आता आपापल्या घरी.
पट्ट्या मात्र जाणार, थेट आयांच्या हातात.
त्यांनीच मोजायचं,
दार लावून, शेगडीपाशी.

खतीबमामांनी स्क्रीनवरून बाजू पुसला, चप पुसला.
"एवढं एकच वाचता येत होतं," म्हणाले,
आणि चष्मा पुसायला घेतला.

माझी आई शाळेत गेली नव्हती.
अंगठा आणि मधल्या बोटाची कडी करून
आमचा दंड धरायची.
बोटं जुळली की कुणाशी काही न बोलता
आपल्या ताटातली अर्धी भाकरी इकडे सरकायची.
घोरच्या बाईलाही ही कडी येतच असेल.
तिच्या ताटात काय आहे, मला माहीत नाही.
पट्टी घेऊन ती कुठे जाईल,
किती कोस, कुणाला सोबत घेऊन,
लाल दाखवल्यावर पलीकडे कोण दार उघडेल,
तेही कागदावर नव्हतं.

रद्दीतली एक पट्टी मी घरी आणली आहे.
मुलं तिने भोपळा मोजतात, कुत्र्याचं शेपूट मोजतात.
खोटी आहे ती, मी सांगते,
दोन मिलिमीटर खोटी.
त्यांना हसू येतं.

आज नऊशे झाल्या.
एक बाजूला काढली. तिचा लाल
बरोबरच असावा, पण कडेला शाई फुटली होती,
आणि मला खात्री वाटेना.