कमरेखाली

साहेबांनी आधी वेळ विचारली :
तिसरी सूचना झाली, आणि पहिली काठी पडली,
मध्ये किती गेला?
मी मराठीत विचारलं.
मालूबाई कोरव्यांनी मांडीवर नसलेलं पान धरलं,
अंगठा फिरवला, म्हणाल्या,
एक विडी. न्हाई, अर्धी.
दोरा गुंडाळायचा ऱ्हायलाता.

टंकलेखक माझ्याकडे बघत थांबला.
मी निवृत्त मास्तर, निपाणीहून पहाटेच्या बसनं
बेळगावात दुभाष्या म्हणून आलेला,
भत्ता साडेतीनशे, चहा वेगळा.
अर्ध्या विडीचे सेकंद करणं माझ्या कामात बसत नव्हतं.
अर्ध बीडी, मी कन्नडात म्हणालो.
साहेब हसले नाहीत. लिहून घेतलं.

टेबलावर काठी होती,
सहलीला निघालेल्या पोरासारखी
गळ्यात चिठ्ठी बांधलेली : मुद्देमाल दोन.

मी बसलोतो, बाई सांगत होत्या. मी उठलो न्हाई.
आमच्याकडे बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो.
माझ्या पुण्याच्या सुनेला अजून हसू येतं.
कन्नडात क्रियापदाला ‘मी’ बाई की बुवा
हे सांगावंच लागत नाही.
तेवढं एक ओझं उतरलं.

भोंगा कन्नडात होता, तुम्हाला कळला नाही, असंच ना?
त्यांच्या वकिलांना ‘हो’ हवं होतं.
कळला की, बाई म्हणाल्या.
बाजारापुरतं येतंय आम्हास्नी. दुखलेलं सांगाय मराठी लागती.
पण वखारीच्या दारात सकाळपास्नं बसलेलो.
गुडघ्यास्नी कुटली भाषा कळती?

मग सिद्राम हळ्ळूर, शिपाई.
टाचा जुळवून उभा.
हुकूम होता, सर. नियमाप्रमाणे कमरेखाली मारलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं.
कुणाच्या कमरेखाली?

पंखा फिरत राहिला.
उभ्या शिपायाच्या कमरेखाली
बसलेल्या बाईचा खांदा येतो,
कान येतो,
मांडीवरचं सूप येतं पानं-जर्द्याचं.
हे कुणी बोललं नाही.
म्हणून मला भाषांतर करावं लागलं नाही.

दाखला वाचला गेला : उजवी हासळी, दोन ठिकाणी.
हात सुपापर्यंत जातो आता.
कात्री मात्र धरवत नाही.

शेवटी बाई म्हणाल्या,
पडल्यावर आणि एक हाणली ह्यानं.
आणि मी कन्नडात सांगितलं :
पडल्यावर आणखी एक लागली.

का, ते मला नीट सांगता येणार नाही.
अडतीस वर्षं मधल्या सुट्टीतली भांडणं मिटवली,
सकाळच्या पेपरात ‘सौम्य लाठीमार’ वाचत म्हातारा झालो,
जीभ आपली आपण मऊ कुशीवर वळते.

हळ्ळूर जमिनीकडे बघत होता.
तसाच बघत, मराठीत म्हणाला,
मास्तर, ‘लागली’ न्हाई.
‘हाणली’ म्हटल्या त्या.
तसंच सांगा.

त्याचा वकील गर्रकन वळला.
टंकलेखकानं ओळ खोडली, वर दुसरी घातली,
दुरुस्तीपाशी समासात सही घेतली.
माझी. त्याची कुणी मागितली नाही.

पाच वाजता मी भत्त्याच्या पावतीवर तिकीट चिकटवून
बाहेर आलो.
पायरीवर मालूबाई डाव्या हातानं
पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होत्या.
चार पावलांवर हळ्ळूर, टोपी काखेत.
झाकण निघेना.
तो एक पाऊल पुढं आला,
थांबला.

बाईंनी बाटली दातांत धरली
आणि काढलं.