आवाज काढून दाखवा

"कसला आवाज?" बाबालाल नदाफ विचारतो.
म्हटलं, गाडी पन्नासच्या वर गेली की येतो.
"तसं न्हाई वो ताई. तोंडानं काढून दाखवा."

माधवनगर रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज. दुपारचे अडीच.
बाकावरची चार माणसं कप हातात धरून माझ्याकडं बघतायत.
रोज बारा पोरं शाळेत पोचवते मी,
त्यांच्यापुढं कुत्रा, बोका, मिरजेची पॅसेंजर, सगळं काढून झालंय.
तरी इथं घसा खाकरते.

माझ्याआधी तासगावचा एक बागवाला
पिकअपचा आवाज काढून गेला: किर्रर्र-चिक्, किर्रर्र-चिक्.
ब्रेकचे पॅड संपले, लोखंडावर लोखंड घासतंय,
चाक न खोलताच निदान.
बँकेतले एक साहेब म्हणाले, सकाळी किंचाळते, मग आपोआप गप्प होते.
फॅनबेल्ट.
एकाला काही केल्या जमेना,
त्याला सांगितलं, घरी सराव करा, उद्या या.

मी म्हटलं, घूंऽऽ.
"अजून."
घूंऽऽऽऽ, लांबून पिठाची गिरणी यावी तसा.
तो माझ्या डोळ्यांकडं बघत नव्हता,
ओठांकडं बघत होता.
राग आला मला. आधी राग आला.

सीट उचलली. ओम्नीचं इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली,
अकरा उन्हाळे त्याच्यावर भाजून काढलेत मी.
अश्पाकनं चावी फिरवली.
बाबालालनं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला टेकवलं,
आणि मूठ कानाला लावली नाही.
दातात धरली.
डोळे मिटले.
इंजिन बरं आहे, असं हातानंच सांगितलं.

बाकावरचं कुणी हसलं नाही.
त्यांना माहीत होतं.

मग माझ्या शेजारी बसला, चप्पल काढून,
तळपाय पत्र्यावर सपाट. "बुधगावकडं घ्या."
पन्नास. घूं सुरू.
"आता उजवीकडं झोका द्या."
झोक्यासरशी घूं वाढला, हे सांगायला मी तोंड उघडलं
तर त्याच्या पायाचा अंगठा आधीच उचललेला.
"डावं चाक. पुढचं. वळताना सगळा भार त्येच्यावर येतोय.
बेअरिंग गेलं."

जॅक लावला, ड्रम काढला.
आतलं ग्रीस दुधाच्या चहासारखं.
"पुरात हुती का?"
होती. गावभागात, सीटपर्यंत पाणी.
वायरिंग बदललं, इंजिन धुतलं, सीटा गच्चीवर वाळवल्या,
इन्शुरन्सवाल्यानं सगळीकडून फोटो काढले.
चाकाच्या पोटात कोण बघतंय?
त्यानं चिमूटभर ग्रीस बोटात चोळलं, मला चोळायला दिलं.
कचकच लागली. मऊ, बारीक, ओळखीची.
आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अजून निघते तीच.

नवं बेअरिंग, नवं ग्रीस, हातोडीचे मोजके घाव.
मधेच, कुणी न विचारता:
"बॅटरीच्या टोकाला पांढरं आलंय. गरम पाणी वता."

परत बुधगावचा रस्ता.
चाळीस, पन्नास, साठ.
घूं नाही.
त्याच्या जागी इतकी शांतता, की मागं कुठंतरी
खुळखुळ, खुळखुळ,
महिनाभर घूंच्या खाली दबलेलं काहीतरी.

"गेला?" त्यानं विचारलं.
या वेळी मीच मान त्याच्याकडं वळवली,
ओठ पुरते उघडून म्हटलं, गेला.
तो खुश दिसला नाही. तळपाय जरा मागं सरकवला.
"मग ह्ये बारकं काय हाय?"

गाडी कडेला घेतली. मागच्या बाकाखाली हात घातला.
कुणाच्यातरी डब्यातला चमचा,
दांड्यावर कोरलेलं: श. बा. मगदूम.
मी तो त्याच्या हातात दिला.
त्यानं एकदा दातावर वाजवून बघितला,
आणि परत दिला.