पाऊणकी

तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीचा तास येतो.
अष्टमी म्हणजे सहा. बारस म्हणजे नऊ.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर कस्टमची एकतीस वर्षं
मी या एका हिशेबावर काढली.
सरकारी पुस्तक यायचं जूनमध्ये,
अर्धं वर्ष सरल्यावर.

म्हणून चंद्र मला कधी गोड वाटला नाही.
तो आमच्या खात्यातलाच. रात्रपाळीचा.
पुनवेला खाडीत सोनं उतरत नसे,
अवसेच्या आठवड्यात आम्ही बूट घालून झोपायचो.
त्याच्याही आधी, गलबतं काळोख बघूनच शिडं सोडायची,
आणि देवगडावरचा गोलंदाज
आधी वर बघायचा, मग समोर.

त्या संध्याकाळी भाच्याचा फोन. प्रणील.
चाकणला झडपा तपासतो,
यानाच्या इंधनाच्या, तळहाताएवढ्या.
"मामा, आपली झडप उतरली चंद्रावर!"
अख्ख्या नवाबागेत मी खाजं वाटलं.
खोटं कशाला बोलू, डोळे भरले.

गणपतीला आला तेव्हा विचारलं,
झडपा आणखी कुठे जातात रे?
नारळ सोलत होता. सोलत राहिला.
"एकाच बाकावर बनतात मामा.
खोके दोन रंगांचे.
निळ्यावर चंद्राचं चित्र,
हिरव्यावर नुसता नंबर."
मग शेंडी नीट राखून म्हणाला,
"हिरव्याचे पैसे वेळेवर येतात."

पेपरात येतं, तिथे सावलीत पाणी गोठलंय.
पाण्याचं इंधन होईल, इंधनाचा धंदा.
मातीत धातू आहेत. मालकी कुणाचीच नाही म्हणे,
फक्त जो आधी खुंटी ठोकेल
त्याच्यापासून इतरांनी सुरक्षित अंतर ठेवायचं.

सुरक्षित अंतर.
बाजारातून खाली आलं की डच वखार लागते.
आधी मिरी ठेवायला चार भिंती मागितल्या.
मिरीला उंदीर, म्हणून दार.
दाराला चोर, म्हणून बुरूज.
बुरजावर तोफ कधी चढली
ते माझ्या आजोबांनाही कुणी सांगितलं नव्हतं.
आता दुसऱ्या मजल्यावर उंबर आहे, जमीन नसलेल्या मजल्यावर.

आणि मी तरी कोण मोठा?
रेडीचा डोंगर बार्जमधून परदेशी जात होता
तेव्हा वजनाच्या पावत्यांवर शिक्के मीच मारले.
शिक्का सरळ पडावा एवढीच काळजी.
डोंगर गेला. पावत्या असतील कुठेतरी.

सत्यवती गिरपीण चाळीस वर्षं मासळीच्या लिलावात उभी आहे.
तिला सांगितलं हे सगळं,
सुरमईचा भाव पडलेला असताना.
"चंद्रार पानी गावला?"
गावलं.
"खारां काय गोडां?"
ते कळायचंय अजून.
टोपली उपडी करून तिच्यावर बसली,
खवले लागलेल्या हाताने कपाळ पुसलं.
"आनी थंय पावणी कोन करतलो?"

मला उत्तर येईना.
आयुष्यभर पावत्या फाडल्या,
बोली कधी लावली नाही.

आज दशमी. पाऊणकी साडेसात.
जेटीच्या पायरीवर घड्याळ काढून बसलो,
निवृत्त माणसाला एवढं काम पुरतं.
पाणी भरलं सात बावन्नला.
बावीस मिनिटं. पूर्वीही चुकायचीच,
मी चूक वहीत मांडायचो, खाली सही करायचो,
वर साहेब असायचा.
आज पहिल्यांदा वाटलं, ही तक्रार
कोणत्या देशाकडे द्यायची.

फोन वाजला. प्रणील.
नवी ऑर्डर आलीय, दोन्ही रंगांची, खूश होता.
बरं झालं म्हटलं, जेवलास का.
तेवढ्यात वरची पायरी भिजली.
मी चपला उचलल्या.